जेम्स क्लार्क मॅक्सवेल : साम्य आणि त्याची मर्यादा

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा विद्युत् व चुंबकत्व या विषयावरील द्विखंडात्मक ग्रंथ १८७३ साली ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. विद्युत्, चुंबकत्व आणि प्रकाश या तिहींचे नाते एका सूत्रात गोवणारा ग्रंथ म्हणून तो विख्यात आहे, आणि ती कीर्ती यथार्थच आहे. परंतु या ग्रंथाच्या पहिल्या खंडात, विषमांग माध्यमांतून होणाऱ्या विद्युत्‌वहनाचा विचार करणाऱ्या प्रकरणात, ३१४ क्रमांकाचे एक छोटेसे कलम आहे. एका माध्यमात दुसऱ्या पदार्थाचे बारीक गोल विखुरले असता त्या मिश्रणाचा विद्युत्‌रोध किती भरेल, एवढाच प्रश्न त्यात सोडविलेला आहे. या कलमानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, संगणकातील तापणाऱ्या चिपा थंड कशा राखाव्यात या विवंचनेतून एक नवे संशोधनक्षेत्र उभे राहिले. आणि त्या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या वादात हेच कलम प्रमाण म्हणून पुढे आले. वाद उष्णतेचा होता. कलम विजेचे होते. एका विषयातील विधान दुसऱ्या विषयात प्रमाण कसे मानले गेले, हे समजून घ्यावयाचे तर मॅक्सवेल यांच्या चरित्राकडेच वळावे लागते.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी चालविलेल्या नियतकालिकात हा विषय अस्थानी वाटण्याचा संभव आहे. पण आपल्या अलंकारशास्त्राने ज्याला साधर्म्य म्हटले आणि तौलनिक अभ्यासाने ज्यावर आपली सारी इमारत उभारली, त्या साम्यकल्पनेचा इतका जागरूक वापर करणारा विचारवंत एकोणिसाव्या शतकात क्वचितच आढळेल. दोन भिन्न गोष्टी कोणत्या अंगाने सारख्या आहेत हे सांगणे, आणि त्या कोणत्या अंगाने सारख्या नाहीत हे तितक्याच स्पष्टपणे नोंदविणे, ही दुहेरी शिस्त मॅक्सवेल यांनी आयुष्यभर पाळली. प्रस्तुत चरित्रलेखात त्यांच्या जीवनाची रेषा याच दृष्टीने रेखाटण्याचा प्रयत्न आहे.

मॅक्सवेल यांचा जन्म १३ जून १८३१ रोजी एडिंबरो येथे झाला. वडील जॉन क्लार्क मॅक्सवेल हे व्यवसायाने वकील. परंतु कज्जेदलालीपेक्षा यंत्रे, कारखाने आणि इमारतींचे आराखडे यांतच त्यांचे मन रमे. आई फ्रान्सिस के या धर्मनिष्ठ व करारी होत्या. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येकडील गॅलोवे प्रांतातील ग्लेनलेअर येथे कुटुंबाची शेतीवाडी होती. तेथील मोकळ्या रानात बालपण गेले. घरातील घंटांच्या तारा भिंतींतून कोठून कोठे जातात याचा माग काढीत हिंडणारे आणि प्रत्येक वस्तूचे कार्य कसे चालते हे विचारून मोठ्यांना बेजार करणारे ते मूल होते. १८३९ च्या डिसेंबरात, जेम्स आठ वर्षांचा असताना, आई पोटाच्या कर्करोगाने वारली. तिचे वय तेव्हा अठ्ठेचाळीस होते. पुढे चाळीस वर्षांनी मुलाचा मृत्यूही त्याच व्याधीने, त्याच वयात व्हावा, हा दैवदुर्विलास त्यांच्या प्रत्येक चरित्रकाराला थबकविणारा ठरला आहे.

१८४१ साली त्यांना एडिंबरो अकॅडमी या शाळेत घालण्यात आले. वडिलांनी स्वतः आखून करविलेले चौकोनी टोकांचे बूट, खेडवळ उच्चार आणि बुजरा स्वभाव यांमुळे पहिल्याच दिवशी वर्गसोबत्यांनी त्यांची यथेच्छ टर उडविली. फाटक्या कपड्यांनी ते घरी परतले. खुळा अशा अर्थाचे टोपणनाव त्यांना चिकटले. तरीही याच शाळेत दोन मैत्र्या जडल्या आणि त्या आजन्म टिकल्या. एक पीटर गथ्री टेट यांची. ते पुढे नामांकित भौतिकीविद झाले. दुसरी लूइस कँबेल यांची; ते पुढे सेंट अँड्रूज विद्यापीठात ग्रीकचे प्राध्यापक आणि सोफोक्लीझचे संपादक म्हणून मान्यता पावले. मॅक्सवेल यांचे पहिले विस्तृत चरित्र १८८२ साली याच ग्रीक पंडिताने, विल्यम गार्नेट यांच्या साह्याने, लिहिले आणि त्यात मित्राच्या कविताही समाविष्ट केल्या. कारण मॅक्सवेल बालपणापासून अखेरपर्यंत पद्यरचना करीत होते. रॉबर्ट बर्न्स यांच्या एका लोकप्रिय गीताच्या चालीवर त्यांनी दोन घन वस्तूंच्या टकरीचे विडंबनगीत रचले होते. त्यांच्या या रचनांना थोर काव्य म्हणता येणार नाही. परंतु गणिताची परिभाषा आणि लोकगीताची भाषा एकमेकींत मिसळली असता काय घडते याची गंमत जाणणारे मन त्यांतून निश्चित दिसते.

चौदाव्या वर्षी त्यांनी दोऱ्याच्या साह्याने अंडाकृती वक्र काढण्याची एक रीत शोधली. १८४६ साली प्राध्यापक फोर्ब्ज यांनी तिचा वृत्तांत एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. लेखक वयाने फारच लहान असल्याने त्याला स्वतःला तो वाचता आला नाही. १८४७ पासून तीन वर्षे एडिंबरो विद्यापीठात आणि १८५० पासून केंब्रिज येथे त्यांचे शिक्षण झाले. १८५४ च्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत एडवर्ड राउथ प्रथम आले व मॅक्सवेल दुसरे रँगलर ठरले. रँगलर ही पदवी मराठी वाचकाला अपरिचित नाही. १८९९ साली याच परीक्षेत अग्रस्थान मिळविणाऱ्या र. पु. परांजपे यांच्या नावाला ती कायमची जोडली गेली. परीक्षेत मागे राहिलेल्या मॅक्सवेल यांनी स्मिथ पारितोषिकात मात्र राउथ यांची बरोबरी केली.

परीक्षेच्या जाचातून सुटताच त्यांनी हाती घेतलेला पहिला मोठा विषय म्हणजे मायकेल फॅरडे यांच्या बलरेषा. फॅरडे हे प्रयोगशास्त्रातील अद्वितीय पुरुष; परंतु त्यांना उच्च गणित अवगत नव्हते आणि त्यांची चित्ररूप भाषा गणितज्ञांना अशास्त्रीय वाटे. या दोन भाषांमध्ये दुभाष्याचे काम मॅक्सवेल यांनी पत्करले. त्यांना वाट दाखविली ती विल्यम टॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्या एका शोधाने. फ्रेंच गणितज्ञ फूरिए यांनी १८२२ साली घन पदार्थांतील उष्णतेच्या वहनाचे गणित सिद्ध केले होते. टॉमसन यांनी ऐन तारुण्यात, १८४२ साली, असे दाखवून दिले की स्थिर उष्णतावहनाची समीकरणे आणि विद्युत्‌भारांच्या आकर्षणाची समीकरणे रूपाने एकच आहेत. उष्णता शेजारच्या कणाकडून कणाकडे सरकते असे मानीत. आकर्षण दूरवरून घडते असे मानीत. कल्पना परस्परविरुद्ध, परंतु गणित समान. या विलक्षण गोष्टीने मॅक्सवेल यांच्या मनाची पकड घेतली.

१८५५-५६ साली केंब्रिज येथे वाचलेल्या निबंधात त्यांनी बलरेषांचे वर्णन एका काल्पनिक, दाबला न जाणाऱ्या द्रवाच्या प्रवाहाच्या साह्याने केले. मात्र हा द्रव कोठे अस्तित्वात आहे असा आपला दावा नाही, तो केवळ काही गुणधर्मांचा कल्पित समुच्चय आहे, हे त्यांनी आरंभीच बजावून ठेवले. याच सुमारास, १८५६ च्या फेब्रुवारीत, केंब्रिजच्या अपॉसल्स नावाच्या मित्रमंडळापुढे त्यांनी निसर्गात खरीखुरी साम्ये असतात काय, या प्रश्नावर निबंध वाचला. पुढे १८७० साली लिव्हरपूल येथील ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी वैज्ञानिक रूपक या संज्ञेचीच चर्चा केली. परिचित शास्त्रातील शब्द अपरिचित शास्त्रात नेताना त्या शब्दांचे आपसांतील संबंध जसेच्या तसे टिकले पाहिजेत, तरच ते रूपक शास्त्रीय ठरते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

येथे आपल्या अलंकारशास्त्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. उपमेचे चार घटक मानले आहेत : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. रूपकात हा साम्यवाचक शब्द लोपतो आणि मुख हेच चंद्र होऊन बसते. मॅक्सवेल यांनी शब्द रूपकाचा वापरला असला, तरी त्यांची रीत उपमेची होती. जणू हा शब्द त्यांनी कधी गाळला नाही, आणि साधारण धर्म कोणता हे सांगितल्यावाचून उपमान पुढे केले नाही. उष्णता व विद्युत् यांतील साधारण धर्म म्हणजे समीकरणाचा आकार. त्यापलीकडे दोहोंच्या स्वरूपाविषयी त्या साम्यावरून काहीही सिद्ध होत नाही, ही त्यांची भूमिका होती. १८६१-६२ मध्ये त्यांनी विद्युत्‌चुंबकीय क्रियांसाठी फिरत्या भोवऱ्यांचे व त्यांमधील लहान चाकांचे एक यंत्रचित्र कल्पिले. आणि १८६५ च्या प्रबंधात, त्या चित्राचे काम संपल्यावर, ते बाजूस ठेवून केवळ गणितीय संबंध शिल्लक राखले. उपमान कोठे सोडावे याची जाण इतकी तीव्र असलेला शास्त्रज्ञ विरळाच.

या मधल्या काळात त्यांचे व्यावहारिक जीवन मात्र सुकर नव्हते. १८५६ च्या एप्रिलमध्ये वडील वारले. त्याच वर्षी ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजात ते प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी शनीच्या कड्यांचा प्रश्न सोडविला : ही कडी अखंड घन असती तर टिकली नसती, द्रव असती तरी विस्कटली असती, ती असंख्य सुट्या कणांचीच बनलेली असली पाहिजेत. या निबंधास ॲडम्स पारितोषिक मिळाले व तो १८५९ साली प्रसिद्ध झाला. १८५८ मध्ये कॉलेजच्या प्राचार्यांची कन्या कॅथरिन मेरी ड्यूअर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु १८६० साली ॲबर्डीनमधील दोन कॉलेजे एकत्र करण्यात आली आणि एकच अध्यापनपद उरल्याने मॅक्सवेल यांची नोकरी गेली. एडिंबरोच्या रिक्त जागेसाठी त्यांनी अर्ज केला. तेथे निवड झाली ती बालमित्र टेट यांची. दोघांच्या स्नेहात त्यामुळे बाधा आली नाही, ही गोष्ट दोघांनाही भूषणावह होय. त्याच वर्षी देवीच्या आजारातून बरे होऊन ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात रुजू झाले.

लंडनमधील पाच वर्षे त्यांच्या प्रतिभेची सर्वांत फलदायी वर्षे ठरली. तीन रंगांच्या गाळण्यांतून घेतलेल्या छायाचित्रांच्या मिलाफाने रंगीत प्रतिमा १८६१ साली त्यांनी दाखविली. वायूंच्या रेणूंचा वेग एकच एक नसतो, तो एका ठराविक नियमाने विभागलेला असतो, हा सिद्धांत त्यांनी १८६० साली मांडला होता. त्यावरून वायूची श्यानता त्याच्या घनतेवर अवलंबून नसावी असा अनपेक्षित निष्कर्ष निघत होता. तो पडताळण्यासाठी केन्सिंग्टनमधील राहत्या घराच्या माळ्यावर त्यांनी उपकरण उभारले. खोलीचे तपमान स्थिर ठेवण्यासाठी शेगडी पेटती ठेवण्याचे व वाफ करण्याचे काम कॅथरिनबाईंनी केले. निष्कर्ष खरा ठरला. उष्णता, कण आणि श्यानता या तीन गोष्टी त्यांच्या संसारातही अशा एकत्र आल्या होत्या.

१८६५ साली त्यांनी प्राध्यापकपद सोडले आणि ते ग्लेनलेअरला परतले. शेतीवाडी पाहणे, घराची वाढ करणे, केंब्रिजच्या परीक्षांचे काम करणे आणि लिहिणे, असा त्यांचा क्रम होता. १८७१ साली उष्णतेवरील त्यांचे पाठ्यपुस्तक निघाले. रेणूंची निवड करणारा तो सुप्रसिद्ध काल्पनिक द्वारपाल याच पुस्तकातून वाचकांपुढे आला. त्याच वर्षी केंब्रिजने भौतिकीचे नवे कॅव्हेंडिश अध्यासन निर्माण केले. टॉमसन व हेल्महोल्ट्स यांनी नकार दिल्यानंतर ते मॅक्सवेल यांच्याकडे आले. १८७४ साली प्रयोगशाळा सुरू झाली. दरम्यान १८७३ साली तो महाग्रंथ प्रसिद्ध झाला होता.

आता कलम ३१४ कडे वळणे प्राप्त आहे. मॅक्सवेल यांनी अशी कल्पना केली की एका मोठ्या गोलात एक माध्यम भरलेले असून त्यात दुसऱ्या पदार्थाचे अनेक लहान गोल विखुरलेले आहेत. दुरून पाहणाऱ्याला हा मोठा गोल एकजिनसी पदार्थाचा वाटला, तर त्या पदार्थाचा रोध किती असावा? लहान गोलांनी प्रवाहात आणलेला एकत्रित बदल आणि एका एकजिनसी मोठ्या गोलाने आणलेला बदल यांची त्यांनी तुलना केली, आणि दोहोंना समान मानून सूत्र काढले. त्याला एक अट त्यांनी जोडली : लहान गोल परस्परांपासून इतके दूर असावेत की एकाने प्रवाहात आणलेला विक्षेप दुसऱ्याला जाणवू नये. सूत्रात दोन्ही पदार्थांचे गुणांक आहेत आणि एकूण आकारमानात लहान गोलांचा हिस्सा किती हे प्रमाण आहे. गोलांची त्रिज्या मात्र अंतिम सूत्रात स्वतंत्रपणे उरत नाही. गोल वाटाण्याएवढे असोत वा धूलिकणाएवढे, प्रमाण तेच असेल तर परिणाम तोच.

विद्युत्‌वहनाचे व उष्णतावहनाचे समीकरण एकच असल्यामुळे हे सूत्र उष्णतेलाही जसेच्या तसे लागू पडते. कण द्रवाच्या मानाने फारच सुवाहक असतील तर त्यावरून एक सोपा हिशेब निघतो : आकारमानाने १ टक्का कण मिसळल्यास मिश्रणाची उष्णतावाहकता सुमारे ३ टक्क्यांनी वाढते, त्याहून अधिक नाही. कण तांब्याचे घेतले काय किंवा हिऱ्याचे घेतले काय, या मर्यादेत फारसा फरक पडत नाही. कारण अडथळा कणांत नसून त्यांच्यामधल्या द्रवात असतो.

मॅक्सवेल यांच्या नावाची एक गंमतीदार कथा याच सूत्राशी निगडित आहे. चरित्राचे सहलेखक विल्यम गार्नेट हे कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मॅक्सवेल यांचे साहाय्यक होते. गुरूच्या निधनानंतर १८८० साली जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी जेम्स क्लार्क मॅक्सवेल गार्नेट असे ठेवले. या मुलाने १९०४ साली, धातूंच्या सूक्ष्म कणांमुळे काचेला येणाऱ्या रंगांचा अभ्यास करताना, याच जातीचे सूत्र प्रकाशासाठी मांडले. आजही मॅक्सवेल-गार्नेट सूत्र असे नाव वाचून ती दोन निराळी माणसे असावीत असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः ते एकाच व्यक्तीचे नाव आहे, आणि त्यातील पहिला भाग ही एका शिष्याने वाहिलेली श्रद्धांजली आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या सूत्राला नवे कार्यक्षेत्र मिळाले. सिलिकनच्या नखाएवढ्या तुकड्यावर लक्षावधी, पुढे कोट्यवधी घटक मावू लागले आणि त्यांत निर्माण होणारी उष्णता बाहेर काढणे दुष्कर झाले. १९८१ साली स्टॅनफर्ड येथे टकरमन व पीझ यांनी सिलिकनमध्येच केसाएवढ्या अरुंद खाचा कोरून त्यांतून पाणी खेळविले आणि दर चौरस सेंटिमीटरमागे ७९० वॅट इतकी उष्णता वाहून नेता येते हे दाखविले. पण पाणी मुळात उष्णतेचे मंद वाहक आहे : त्याची वाहकता दर मीटर-केल्व्हिनला सुमारे ०.६ वॅट, तर तांब्याची सुमारे ४००. मग पाण्यातच धातूची भुकटी का मिसळू नये? कल्पना जुनी होती. अडचणही जुनीच होती. जाडसर कण तळाशी बसतात, नळ्या झिजवितात आणि अरुंद खाचा तुंबवितात. १९९५ साली अमेरिकेच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील स्टीफन चोई यांनी सुचविले की कण शंभर नॅनोमीटरहून लहान, म्हणजे मीटरच्या काही अब्जांशांएवढे, केले तर ते रेणूंच्या धक्क्यांनी तरंगत राहतील. अशा निलंबनाला त्यांनी नॅनोद्रव हे नाव दिले.

यानंतर आलेली मापने थक्क करणारी होती. आरगॉन येथील संशोधकांनी २००१ साली कळविले की एथिलीन ग्लायकॉलमध्ये तांब्याचे अवघे ०.३ टक्के अतिसूक्ष्म कण मिसळल्यावर वाहकता ४० टक्क्यांपर्यंत वाढते. मॅक्सवेल यांच्या सूत्राने ही वाढ १ टक्क्याच्याही आतच असावयास हवी होती. भारतातही या विषयाचा उत्साहाने पाठपुरावा झाला. चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील सरित कुमार दास, टी. प्रदीप व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली सोन्याच्या व चांदीच्या सूक्ष्म कणांवरील आपली मापने प्रसिद्ध केली; अत्यल्प प्रमाणातही लक्षणीय वाढ त्यांना आढळली. चोई यांच्यासह त्यांनी लिहिलेला नॅनोद्रवांवरील ग्रंथ २००७ मध्ये निघाला. कणांची ब्राउनीय हालचाल, कणाभोवती द्रवरेणूंचा सुघटित थर, कणांचे पुंजके अशा अनेक उपपत्ती पुढे आल्या. कणाचा आकार सूत्रात नसणे हाच जुन्या सिद्धांताचा दोष होय, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटू लागले. प्रश्न क्षुल्लक नव्हता. ही वाढ खरी असेल तर उष्णतावहनाच्या आकलनातच काही मूलभूत उणीव होती. ती खरी नसेल तर जगभरच्या प्रयोगशाळांचे श्रम पुन्हा तपासून पाहावे लागणार होते.

या वादाचा निर्णय सामूहिक मापनाने करण्यात आला. जगातील तीसहून अधिक संस्थांना एकाच साठ्यातील नमुने पाठविण्यात आले व प्रत्येकीने आपापल्या पद्धतीने त्यांची वाहकता मोजली. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील बूऑनजोर्नो यांच्या नेतृत्वाखाली २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे दिसून आले की संस्थासंस्थांच्या मापनांत मोठी तफावत नाही, आणि तपासलेल्या नमुन्यांत अलौकिक म्हणावी अशी वाढ कोठेही आढळत नाही. मॅक्सवेल यांचा सिद्धांत, नान व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कणांचा आकार व कण-द्रव सीमेवरील औष्णिक रोध यांसाठी त्याला दिलेल्या विस्तारासह, ही मापने सामान्यतः बरोबर वर्तवीत होता.

तथापि यावरून मॅक्सवेल सर्वत्र बरोबर आणि नवे संशोधक चुकले, असा सोयीस्कर निवाडा देणे हे मॅक्सवेल यांच्याच वृत्तीशी विसंगत ठरेल. त्यांच्या सूत्राला अट होती. कण लांबट असले, किंवा एकमेकांना चिकटून साखळ्या करू लागले, की ते एकमेकांपासून दूर राहत नाहीत. अट मोडते आणि वाहकता सूत्राहून अधिक भरू शकते. हॅशिन व श्ट्रिकमन यांनी १९६२ साली दाखविल्याप्रमाणे, सुवाहक कणांच्या बाबतीत मॅक्सवेल यांचे उत्तर ही संभाव्य वाहकतेची खालची सीमा होय. त्याच पदार्थांची रचना बदलली तर वरची सीमा कितीतरी उंच असते. मात्र पुंजके झाले की कण खाली बसू लागतात व द्रव दाट होतो. सुट्या गोल कणांनीही श्यानता वाढतेच : आइन्स्टाइन यांच्या सूत्रानुसार १ टक्का कणांमागे सुमारे अडीच टक्के; आणि नॅनोद्रवांत ती पुष्कळदा याहून जास्त भरते. खाचांतून द्रव ढकलणाऱ्या पंपाला त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय हे सूत्र केवळ वहनाचे आहे. वाहत्या वा उकळत्या द्रवाविषयी ते काही सांगत नाही. नॅनोद्रव उकळताना तापल्या पृष्ठावर कणांचा थर बसतो, पृष्ठ अधिक ओले राहते आणि अधिक उष्णता सोसते, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. लाभ झाला, पण अपेक्षित होता तेथे नव्हे.

मॅक्सवेल यांची अखेरची वर्षे दुसऱ्याच्या कार्यात गेली. अठराव्या शतकातील एकांतप्रिय शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांची विद्युत्‌विषयक अप्रकाशित टिपणे त्यांनी संपादिली. कॅव्हेंडिश यांनी विद्युत्‌प्रवाहाची तीव्रता स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्यावरून अजमावली होती. संपादकाने ते प्रयोगही पुन्हा करून पाहिले आणि भेटीस येणाऱ्यांनाही त्यांत ओढले. हस्तलिखितातील प्रत्येक विधान पडताळून पाहणारी ही पाठचिकित्सा कोणाही भाषापंडिताला आदर्शवत् वाटावी. तो ग्रंथ १८७९ साली निघाला. त्याच वर्षी पोटाच्या वेदना असह्य झाल्या. फार तर महिनाभर आयुष्य उरले आहे हे त्यांना ऑक्टोबरात कळले. तशातही आजारी पत्नीच्या शुश्रूषेची चिंता त्यांना अधिक होती. ५ नोव्हेंबर १८७९ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. ग्लेनलेअरजवळच्या पार्टन येथील चर्चच्या आवारात, आईवडिलांच्या सान्निध्यात, त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्यांनी भाकीत केलेल्या विद्युत्‌चुंबकीय लहरी हर्ट्झ यांनी प्रयोगाने सिद्ध केल्या त्या त्यानंतर आठनऊ वर्षांनी.

लहरींचे ते भाकीत मॅक्सवेल यांच्या धैर्याचे प्रतीक मानले जाते. कलम ३१४ हे त्यांच्या संयमाचे गमक आहे, आणि दोहोंचे मूळ एकच आहे. साम्य दिसताच त्यांनी ते निर्भयपणे उपयोगात आणले. ते कोठवर पोहोचते हेही त्यांनी त्याच जागी लिहून ठेवले. नॅनोद्रवांच्या वादात अभ्यासकांना सूत्राइतकाच उपयोग झाला तो त्या अटीचा. कारण मापन सूत्रापासून कोठे ढळेल व का ढळेल हे अटीवरूनच उमगले. आपण साहित्याचे अभ्यासक दोन भाषांतील, दोन परंपरांतील कृती शेजारी ठेवतो आणि त्यांत साम्य शोधतो, तेव्हा साधारण धर्म नेमका कोणता आणि ही तुलना कोणत्या अटीवर खरी आहे, हे लिहून ठेवण्याचा कंटाळा आपल्यापैकी पुष्कळांना असतो. विजेवरच्या ग्रंथातील एक पान, त्या ग्रंथाच्या कर्त्याला स्वप्नातही न दिसलेल्या यंत्रांच्या कामी सव्वाशे वर्षांनी येऊ शकले, ते हा कंटाळा त्याने केला नाही म्हणून.